हिचं चित्र, उलटं धरून

४ फेब्रुवारी

दवाखान्यातून घरी! आल्या आल्या एकेकाची विचारपूस केली. पसरट ब्रश कसा आहे? — केस ताठ झालेत, पण तग धरून आहे. बारीक ब्रश? — काय रे बाबा, वाळलास! टर्पेंटाइनची बाटली निम्मी उडून गेलीय. कॅनव्हासची तिकाटी एका पायानं आधीच लंगडी होती, आता मीही. जोडी जमली.

लकव्याचा झटका डाव्या अंगावर आला. उजवा हात शाबूत. सगळे म्हणतात, नशीब म्हणा! शाळेनं मला काही दिलं नाही. जे काही आलं ते ह्या हाताला आलं. तेवढा वाचला.

९ फेब्रुवारी

आज डॉक्टरकडे. "काका, डोळे ठणठणीत आहेत. पण तुमच्या मेंदूला डावीकडचं काही पडलेलंच नाही. तिकडे जग आहे हेच तो विसरतो." म्हटलं, छे, मी काही विसरत नाही. तर म्हणतात, "हाच तर आजार!"

दुसरा झटकाही येऊ शकतो म्हणे. जपायला सांगितलंय.

घरी येऊन दाढी केली. ही पदर तोंडाला लावून हसतेय. "अहो, ह्या गालानं काय घोडं मारलंय?" हात फिरवून पाहिला — डावा गाल तसाच, खुंटांनी भरलेला.

१० फेब्रुवारी

जेवताना ओरडलो — कोशिंबीर वाढलीच नाही! सूनबाईनं मुकाट्यानं ताट फिरवलं. कोशिंबीर आली.

१६ फेब्रुवारी

ठरवलं. हिचं चित्र काढायचं.

अख्खी हयात दुकानात बसून लोकांच्या फोटोंवरून तैलचित्रं केली. कुणाचे वारलेले वडील, कुणाची सासू, कुणाचे मुख्याध्यापक. हिचं एकही नाही. घरचंच तर माणूस, काढू की कधीही! तिनंही कधी मागितलं नाही. हेच जास्त टोचतं. मागितलं असतं तर निदान नाही तरी म्हणालो असतो.

आता "कधीही" हा शब्द डॉक्टरांनी काढून घेतलाय. म्हटलं, उद्यापासून समोर बस. "आत्ता? ह्या वयात? आधी सांगितलं असतंत तर चार दात जास्त असते!"

पण बसली.

२८ फेब्रुवारी

रोज सकाळी बसते. मटार सोलत बसते, हलू नको म्हटलं तरी हलते. हात सुरेख चालतोय. हनुवटी पहिल्या फटक्यात आली! आज शेवटचा हात दिला.

सूनबाईला दाखवलं. "छान झालंय, बाबा." पण फरशीकडे बघून. ही नुसतं "हं" म्हणाली. कौतुकात ह्या दोघींचा हात पहिल्यापासून आखडता.

१ मार्च

काय लिहू!

माझी जुनी रीत — चित्र झालं की ते उलटं ठेवून बघायचं. डोकं खाली, मान वर. कुणी शिकवलं नाही, मलाच सापडलेली. उलट्या चेहऱ्यातली चूक लगेच डोळ्यांत खुपते.

आज सकाळी उलटं ठेवलं. कोरं! पांढराफटक कॅनव्हास! चित्र गेलं कुठे? घर डोक्यावर घेतलं. कुणी पुसलं? सूनबाईवर नको ते तोंड टाकलं. ती रडकुंडीला आली.

ही आली. माझी मान धरली आणि डावीकडे वळवली. "हे काय आहे?"

तिथं ती होती. अर्धी. एक डोळा, एक कान, अर्धं तोंड. मी डावा अर्धा काढलाच नव्हता. उलटं केल्यावर कोरी बाजू उजवीकडे आली आणि रंगवलेली गडप झाली.

"म्हणजे रोज तू अर्ध्या चित्रासमोर बसायचीस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस!"

"तुम्ही शीळ घालत होतात. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा."

२ मार्च

ब्रशला हात लावला नाही. सूनबाईची माफी मागितली. "जाऊ द्या हो बाबा," म्हणाली आणि पुन्हा रडली.

६ मार्च

चित्र उलटं ठेवल्यावर कोरी बाजू मला दिसते ना? मग तिथंच काढायचं — उलटं! सूनबाईनं फोनवर हिचा फोटो काढला, छापून आणला. ही ओरडत होती, "अगं, केस तरी विंचरू दे!" विंचरू दिले नाहीत. फोटोही उलटा टाचला.

गंमत अशी, की उलट्या चेहऱ्यात नाक नसतं, डोळा नसतो. नुसते डाग आणि सावल्या. बायको काढतोय हे विसरून डागाशेजारी डाग ठेवत गेलो.

१४ मार्च

झालं. सरळ धरलं की मला एक बाजू दिसते, उलटं धरलं की दुसरी. अख्खं चित्र माझ्या नशिबात नाही. म्हणून हिला विचारलं.

जवळ गेली, मागे सरली. मग म्हणाली, "ह्या दोन बायका आहेत. ही उजवीकडची कोण? तुमच्या गिऱ्हाइकाची सासू?"

खरंच की! तुकतुकीत गाल, सुरकुती नाही, डोळ्यात चमक. "जरा तरुण दाखवा हो" — गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून हात लबाड झालाय. विचारतसुद्धा नाही, आपला गुळगुळीत करत जातो.

मग तिनं दुसऱ्या बाजूवर बोट ठेवलं. ओघळलेली पापणी. ओठाचा खाली गेलेला कोपरा.

"मी इतकी दमलेली दिसते, हे तुम्हाला माहीत होतं?"

नव्हतं. उलटं धरून काढलं म्हणून कागदावरचं कॅनव्हासवर आलं. समोर बसलेल्या माणसातलं मला इतकी वर्षं दिसलं नाही. तेव्हा तर डोळेही धड होते आणि मेंदूही.

"ही ठेवा," म्हणाली. "ती काढून टाका."

१५ मार्च

गुळगुळीत बाजू, सरळ धरल्यावर मला दिसणारी, चाकूनं खरवडली. ही म्हणाली, भिंतीवर सरळ टांगा. टांगलं. आता समोर बसतो तेव्हा मला नुसता कोरा कॅनव्हास दिसतो. ही येता-जाता थांबते, बघते, आणि मला सांगते — "आहे हं मी."