वाळवलेल्या लसणाची डाळ

११ फेब्रुवारी

फोडणीतला लसूण पुन्हा जळला. तेलात टाकला, कोथिंबीर निवडायला वळलो, मागे पाहतो तर काळा! पूर्वी पाहावं लागत नव्हतं. नाकच सांगायचं — आता पाणी घाल. तो ताप उतरून महिना झाला, पण तेव्हा गेलेला वास परत आलेला नाही. हिंग हुंगला, फिनाईल हुंगलं. काही नाही.

सलिल मेसचा रोजचा मेंबर. डाळीकडे बघून म्हणाला, "काकू, आज डाळीला अग्नी दिलात का?" सगळे हसले. हेमाकाकू माझ्याकडे वळल्या. "लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलं काकू."

खरं कसं सांगू? दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात वारज्याला त्यांच्या या मेसमध्ये काम मागायला आलो, तेव्हा त्यांनी मसाल्याचे डबे पुढे ठेवले. "वास घे आणि जुना कुठला ते सांग." मी सांगितलं. त्यांनी झाकण उलटं करून आत चिकटवलेली तारखेची चिठ्ठी वाचली. म्हणाल्या, "नाक चांगलं आहे. राहा." नाकावरच तर राहिलो. शाळा अर्धवट सोडलेल्याला दुसरं कोण ठेवणार?

१२ फेब्रुवारी

दमलो. जेवणं उरकली की काकू स्वयंपाकघरालगतच्या खोलीत आडव्या होतात. भिंतीपलीकडून रोजचा प्रश्न — "सुदर्शन, गॅसचा वास नाही ना रे?"

"नाही काकू."

मला काय कळणार! मग गुपचूप नळीला साबणाचा फेस लावतो. बुडबुडा आला नाही की हुश्श. बटणं पाहतो. पुन्हा पाहतो.

१५ फेब्रुवारी

आईला फोन केला. नाकाचं बोललो नाही. ती वाशीमहून निघून इथेच येऊन बसेल. फक्त विचारलं, लसूण जळू नये म्हणून काय करू?

"वाळू घाल, भाजून ठेव. मंग वरून टाक ना बाप्पा! फोडणीत टाकाचंच कशाले?"

इतकं सोपं!

१९ फेब्रुवारी

लसणाचे पातळ काप केले. एकही जाडा नको, जाडा वाळायचा मागे राहतो. गच्चीवर सुती कापडावर पसरले. चार दिवस कबुतरं हाकायची. खालच्या मजल्यावरचे श्रीनिवासकाका वर आले. "लसूण वाळवताय की आम्हाला?" जिन्यापर्यंत वास येतो म्हणे.

माफी मागितली. खरं तर त्यांचा हेवा वाटला.

२३ फेब्रुवारी

लोखंडी तवा, मंद आच. नाक नाही म्हणून कान लावले. ओल असेल तर काप वाकतो. भाजून झाला की कट्‌कन मोडतो. रंग बिस्किटासारखा हवा. जरा पुढे गेला की कडू. पहिल्या खेपेचा फेकून दिला. दुसरा जमला.

कुटून डाळीत टाकला, तोही आच बंद करून. फोडणीत फक्त मोहरी-जिरं. ते तडतडतं, ऐकू येतं.

२४ फेब्रुवारी

सलिलने पुन्हा पुन्हा डाळ मागून घेतली. "काय वास सुटलाय राव!"

काकू म्हणाल्या, "लोक म्हणतायत, वास छान आहे."

लोक म्हणतायत! स्वतःचा एक शब्द नाही. पुण्याचं कौतुक हे असं.

२ मार्च

आता पिठलं, वांगं, उसळ, सगळ्यात तोच लसूण. दर दोन दिवसांनी सोला, कापा, गच्ची चढा. बोटांची सालं निघाली. लोक खूश आहेत. मला जिंकल्यासारखं वाटत नाही, फक्त आजही पकडलो गेलो नाही एवढंच. स्वतः जेवतो तेव्हा मीठ कळतं, तिखट कळतं. बाकी ओला कागद.

५ मार्च

आज फेस लावायचा राहिला! "नाही काकू" मात्र म्हणालो. संध्याकाळी आठवलं. धावत जाऊन आधी तो लावला.

६ मार्च

सलिलने डाळीची वाटी काकूंच्या तोंडापुढे धरली. "एकदा वास तर घ्या!"

काकू हसल्या. "मला कसला वास रे! आठ-नऊ वर्षं झाली. नाक आता नुसतं चष्मा टेकवायला. म्हणून तर नाकवाला ठेवलाय. तो आहे म्हणून दुपारी डोळा लागतो माझा."

दुपारी भिंतीपलीकडून तोच प्रश्न.

आधी सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. मग आत गेलो.

"काकू, उठता का? बोलायचंय."

त्या उठून बसल्या. उशीजवळचा चष्मा चाचपला, नाकावर चढवला.

"बोल."