झोपमोड

५ जानेवारी १९३६, रविवार
हिचा भाऊ देवराम हिला घोटीला घेऊन गेला. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, बाईंना वर्षानुवर्षं पुरेशी झोप नाही, शरीर खचलंय. आश्चर्य आहे. झोप तर माझी मोडते. पहाटे चारला हिचं जातं सुरू होतं, रोज ओरडावं लागतं. आता महिनाभर निवांत झोपणार. वजन वाढवायचं. ऑफिसात कोणावर चिडायचं नाही.

६ जानेवारी
चारलाच जाग आली. चहाचा परिणाम. चहा बंद.

९ जानेवारी
चहा सुरू. दोष गादीचा होता. सलाउद्दीन पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला.

१४ जानेवारी
शिपायावर चिडलो. मग फाइलवर डोकं टेकलं. साहेबांना म्हणालो, विचार करत होतो. ते म्हणाले, तुमचे विचार घोरतात.

१९ जानेवारी, रविवार
हिला आणायचंच म्हणून घोटीला गेलो. माझी तब्येत ढासळतेय, हे तिला कळायला हवं. पोचलो तर ही झोपलेली. देवराम हळूच म्हणाला, दाजी, उठवू नका, अक्काचा लय दिसांनी डोळा लागलाय.
उशाशी बसलो. ही रोज माझ्यानंतर झोपायची, माझ्याआधी उठायची. इतक्या वर्षांत हिला झोपलेली मी पाहिलीच नव्हती. लहान मुलीसारखी दिसत होती. संध्याकाळच्या गाडीने एकटाच परतलो. उद्या ऑफिस, म्हणून.

२ फेब्रुवारी
बुधवारी ही गेली. झोपेतच. सगळे म्हणाले, सुटली बिचारी. मला फार वाईट वाटतंय. दुसरं काही सुचत नाही.

२० फेब्रुवारी
पहाटे जातं फिरवलं. रिकामंच. केवळ व्यायाम म्हणून. व्यायामाने झोप लागते. रोज करणार.

२३ फेब्रुवारी
शेजारचे लियाकतभाई आले. संकोचत म्हणाले, भाऊसाहेब, घरातली म्हणते, रिकामं जातं फिरवू नये, दगडावर दगड घासतो. पोरांची झोपमोड होते. तुमच्या घरातून असा आवाज कधी आला नाही.
कधी आला नाही, म्हणाले.
आवाज दबावा म्हणून खाली गोणपाट घालायला जातं उचललं. खाली हिचं जुनं लुगडं होतं, चार घड्या घालून. पिठाने पांढरं झालेलं.
जातं होतं तसं ठेवलं. गोणपाट परत नेऊन ठेवलं.