तोंडाची फोड, अर्थाची फोड

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

नर्सिंगचा कोर्स संपला. फ्रेंचची तोंडी परीक्षा तेवढी राहिली. ती पास झाले की इथल्या फ्रेंच इस्पितळाच्या वॉर्डातली नोकरी पक्की. पण मी फॉर्म मागे घेतेय. माझं अडखळणं तुला ठाऊकच आहे. एरवी शब्द अडला की मी त्याच अर्थाचा दुसरा पुढे करते. क्रियापदाच्या रूपाला दुसरा शब्द कुठून आणू? काल सरावात ‘फिनिसों’, म्हणजे ‘आम्ही संपवतो’, म्हणायचं होतं. ‘फि’वरच गाडी रुतली. सगळा वर्ग थांबला. मी खाली बसले.

रागावू नकोस. माया आहे तशी असू दे.

तुझी,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उ. आ.

गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या पत्राने डोकं जास्त दुखलं. फॉर्म मागे घ्यायचा नाही.

तीस वर्षं फ्रेंच शिकवून मला एवढं कळलंय, की शब्दाच्या फोडी दोन. अर्थाची फोड: ‘फिन’ म्हणजे संपवणं, ‘इस’ हा मधला जोड, ‘ओं’ म्हणजे आम्ही. तोंडाची फोड निराळी: फि, नि, सों. तू तोंड उघडतेस आणि तेव्हाच डोक्यात प्रत्यय शोधत बसतेस. जिभेने बिचारीने कुणाचं ऐकायचं? पहिली फोड घरी कर, पेन्सिलीने, पन्नास क्रियापदांची. परीक्षेत फक्त दुसरी. आणि खुर्चीत बसताच सांगून टाक, मी अडखळते, वेळ लागेल. त्यात गुन्हा कसला?

तुझे आतोबा म्हणतात, हिचं बोलणं अडवायची काही फोड असेल तर मलाही कळव.

तुझी,
आत्या

२८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पास! विसात चौदा!

आधीच सांगून टाकलं. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, सावकाश. ‘आम्ही बोलू’ याचं फ्रेंच रूप विचारलं. पार, ल, रों. ‘पार’वर तीनदा अडले, चौथ्यांदा निघालं. उठताना बाई म्हणाल्या, अडखळणारे पुष्कळ पाहिले, पण एकही प्रत्यय न चुकणारी तू पहिलीच.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, लहानपणी तुझी आत्या दुकानात चिठ्ठी घेऊन जायची, कारण ‘साखर’ तिच्या तोंडून निघायची नाही. आत्या, आणि तू तीस वर्षं रोज वर्गापुढे उभी राहिलीस! मला कधी संशयसुद्धा आला नाही.

सोमवारी वॉर्डात रुजू होतेय. त्याआधी रविवारी तुझ्याकडे येते. तू बोल, मी ऐकते.

तुझीच,
चिमणी