अख्खा नान

ताश्कंद, मे १९६८

खादाड दानिलो,

आपलं वाचनालय उद्या उघडतंय! तू रचलेल्या भिंतीवरच्या गिलाव्यात माझी शेवटची वेल काल कोरून झाली. भूकंपानंतर शहर उभं करायला कुठून कुठून माणसं आली, पण माझ्या गिलाव्याला नावं ठेवणारा युक्रेनचा गवंडी एकच. "मुहय्यो, तुझा गिलावा चहा निवायच्या आत कडक होतो, अगदी तुझ्यासारखा!" तेव्हा मी थापी फेकून मारली होती, आठवतं?

तू गेलास त्या दिवशी स्टेशनवर मी नान पुढे केला. आमच्यात निघणाऱ्यानं एकच घास तोडायचा. उरलेला नान घरी टांगून ठेवायचा. तो संपवायला माणूस परत येतो. तुला वाटलं, खाऊच दिलाय. मी तोंड उघडेपर्यंत अख्खा नान फस्त! वर मिशा पुसत म्हणालास, "आणखी आहे?"

घरी रिकामा रुमाल पाहून आईनं कपाळावर हात मारला. "अगं, आता तो परत कशाला येईल?" दीड वर्षं मी त्या रिकाम्या खिळ्याकडे बघतेय.

आणि आज मी फरशी पुसत असताना मुकादम सद्रिद्दीनअका ओरडतच आले, "पोरी, तुझ्या खादाडाची तार! उद्या सकाळच्या गाडीनं येतोय!"

म्हणून हे पत्र टाकत नाही. तूच आधी पोचशील. स्टेशनवर नान घेऊन येतेय. अख्खा खा. निघताना मात्र या वेळी घास मिळायचा नाही, आणि घास तोडल्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडून जात नाही.

चहा निवायच्या आत कडक होणारी,
मुहय्यो