होडीच्या ट्रॉलीचे दोन टायर

सौ. मुक्ताबाई विहीणबाई यांना वच्छलाबाईचा हात जोडून नमस्कार. पहिल्यांदा आला तो रामकिसन, पलीकडच्या धरणावरच्या गड्यांच्या संस्थेचा. साहेबलोकांची जीप यायला अजून तासभर होता, तर हा दारात हजर. चहा पिला न्हाई, बसला न्हाई, सरळ होडीकडं गेला आन ट्रॉलीच्या टायरला लाथ मारली. पण त्याचं पुढं सांगते. आधी तुमचे गुडघे कसे हायत? व्याह्यांची शुगर? आमची लेक वेळेवर उठती का? (न्हाई उठली तरी मला कळवू नका, दहा वर्सं झाली, आता माल परत घेत न्हाईत.) घरात फोन असून पत्र लिवते, कारण फोनवर तुमी मधी मधी बोलता.

तुमी माळकरी, म्हणून आमची संस्था कशाची हाय ते मी तुमच्यापुढं उघड बोलत न्हाई. पाण्यात असतं ते, एवढंच समजा. (मासे. वाचायला हरकत न्हाई, खायचे थोडेच हायत.) तलावात ज्यांची रानं बुडाली त्या आमी अकरा बाया, आन मी चेअरमन. संस्थेला होडी मिळाली, होडी वाहायला दोन चाकांची ट्रॉली मिळाली, आन त्याच सालापासून पाऊस पळाला. तलावाच्या तळाला आमचीच जुनी विहीर उघडी पडलीय, तीत पण पाणी न्हाई. तीन उन्हाळे होडी दारात उभी, कोंबड्या तिच्यात अंडी घालत्यात. तर रामकिसननं वर अर्ज केला, बायांची होडी पडून हाय, ती आमच्या गड्यांच्या संस्थेला द्या, आमच्या धरणात डबकं तरी हाय. वरून कागद आला. होडी हलती असली तर त्या धरणावर नेऊन चालवा, हलत नसली तर जमा करा, साहेब येऊन तपासतील. म्या म्हणलं, जमा? मंग पाऊस आल्यावर काय पीठ मळायच्या काटवटीत बसून जाळं टाकू?

आता होडी हलायची म्हंजे ट्रॉली हलली पायजे, आन टायर बघावं तर टाचेला पडत्यात तशा भेगा. आमचे बिभीषण भावजी (माझे धाकटे दीर, चाळीस वर्सं बैलगाडी हाकली, आता मला हाकायला बघत्यात) म्हणले, उन्हानं चाक आटलंय, पाणी पाजा. लाकडी चाक उन्हाळ्यात भिजवावं लागतं, न्हाईतर वरची लोखंडी धाव निसटती, हे खरं. पण रबराला? टँकर आठवड्यातनं दोनदा, घागरीसाठी बायांच्या झिंज्या धरायची पाळी, आन ह्या गड्यानं दोन घागरी टायरवर ओतल्या. वर म्हणत्यात, “वहिनी, हात लावून बघा, कसा गार झालाय.” म्या म्हणलं, “भावजी, आता तुमीबी गार व्हा. तुमच्या आंघोळीचं पाणी टायर पिला.” चार दिवस ते बिनआंघोळीचे हिंडले. कुणाला फरक कळला न्हाई.

मंग मी आन रतनबाई (आमची सचिव, चौथी पास, म्हणून लई भाव खाती) मांजरसुंब्याला गेलो. तिथं मल्लिनाथ पंक्चरवाला हाय, कपाळाला विभूती आन हात कोपरापर्यंत काळे. म्या टायर आंगठ्यानं दाबून बघाया लागले तर म्हणला, “मावशी, आंबा न्हाई हा. हवा मीटरनं बघायची, आन सकाळी, टायर गार असताना.” मंग त्यानं सगळं शिकवलं. कारचा मऊ टायर होडीच्या वजनानं पोट सोडतो, वझं वाहणारा टायर घ्यायचा, छोट्या टेम्पोला असतो तसला. दोन्हीकडं एकाच मापाचे. काम नसंल तवा ट्रॉली दगडावर चढवून चाकं मोकळी ठेवायची, वर झाकण घालायचं, ऊन लागू द्यायचं न्हाई. चाक पाण्यात शिरलं की आतलं ग्रीस बदलायचं. आन कडंला चार आकडे असत्यात ते बघायचे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरला जन्मतारीख असती हे मला साठी उलटल्यावर कळलं. (माझी स्वतःची कुणाला माहीत न्हाई.)

जुन्या टायरच्या दुकानात गेलो तर दुकानदारानं काळं पॉलिश मारून टायर उभे केलेले, बघायच्या पोरीला पावडर लावून आणावं तसे. एकाला थोपटून म्हणला, “नवाच समजा.” म्या कडंला बोट फिरवलं. इंग्रजी आकडे मला मोबाईलमुळं येतात. शून्य सात, शून्य नऊ. म्या म्हणलं, “बाबा, ह्यो माझ्या नातवाच्या सालचा. नातू दुसरीत गेला, ह्यो अजून नवा कसा?” (आपला धर्मराज हो. त्याला सांगू नका, टायरबरोबर काढलं म्हणून रुसंल.) असे आठ टायर उलटेपालटे केले. दुकानदार वैतागला, “मावशी, टायर घ्यायचाय का सोयरीक जमवायचीय?” म्या म्हणलं, सोयरीक जमवताना येवढं बघितलं नव्हतं. (तुमी लावून घेऊ नका.) शेवटी एक चांगला निघाला, मागल्या सालचा. एकच. दुसरा टायर देवाच्या कृपेनं मिळाला, त्याच मापाचा.

तर रामकिसननं लाथ मारली ती ह्या टायरला. हवा मीटरनं भरलेली, त्यामुळं टायर जरासुदिक दबला न्हाई, रामकिसनच लंगडत बाजूला झाला. तासाभरानं साहेब आले. ट्रॉली दगडावर, दोन्ही चाकं अधांतरी, वर गोधड्या. बारका साहेब म्हणला, “आजी, टायर आजारी हायत का?” म्या म्हणलं, “झोपलेत. तुमी पाऊस आणा, मी उठवते.” दगड काढले, ट्रॅक्टरला जोडली, होडी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आली. पुढं कोंबड्या पळत्यात, मागं आमी अकराजणी. असली मिरवणूक माझ्या लग्नातबी न्हवती.

रामकिसनचं तोंड कडू. म्हणतो, “गावात फिरवली त्यात काय? वीस किलोमीटर धरणावर नेऊन आणा, मंग बघू.” साहेबांनी मान डोलावली, परत येतो म्हणले, जीप मागं ठेवून बघतो. म्या सगळ्यांदेखत सांगितलं, “वाटंत टायर बसला तर होडी माझ्या हातानं रामकिसनला देते. पोचली तर ह्यानं आमच्या अकराजणींपुढं उभं राहून सांगायचं, अर्ज कशापायी केलता ते.” बाया टाळ्या पिटाया लागल्या. होडी द्यायची न्हाई विहीणबाई, पाऊस न्हाई आला तरी द्यायची न्हाई. कोंबड्या बसतील तिच्यात.

तुमची विहीण,
वच्छलाबाई (चेअरमन)

ता. क. मुलीकडच्यांनी लेकीच्या सासरी काही मागायचं नसतं, ही रीत मी दहा वर्सं पाळली. आताबी मागत न्हाई. पण विठ्ठलराव व्याह्यांच्या दुधाच्या टेम्पोला पाठीमागं एक स्टेपनी असती, तिचं माप आमच्या ट्रॉलीला अगदी बसतं, एवढं आपलं कानावर घातलं.

आणखी ता. क. व्याह्यांना ती घरात शोधू देऊ नका. मागल्या आठवड्यात ते आमच्याकडं जेवून घोरत पडलेते, तवा म्या आन रतनबाईनं ती काढून घेतली. मागितली न्हाई, म्हंजे रीत मोडली न्हाई. तिचा बी जन्म बघून घेतलाय, मागल्याच सालचा हाय. तेवढं टेम्पोला पंक्चर होऊ देऊ नका, काट्यातनं घालू नका. फार दिवस न्हाई. साहेब येत्या बेस्तरवारी सकाळी नवाला येतो म्हणून सांगून गेलेत.