बरणीच्या तळची बेरी

॥ श्री ॥
डेन्व्हर, ३ मार्च २०२५

ती. वसुधामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुपाची बरणी न फुटता पोचली. पोळीला लावून खाल्लं आणि बरं वाटलं, कारण सध्या प्रबंध अडलाय. माझं म्हणणं असं, की इथला ग्रॅनाइट नव्याने आलेला नाही. खंडाचा जुना तळ खोलवर तापला, त्यातला वितळलेला भाग वर चढला आणि थंड होऊन हा दगड झाला. सर म्हणतात, मग त्या जुन्या तळाचे झिरकॉन या चिवट, वय सांगणाऱ्या खनिजाचे न वितळलेले कण दाखव, नाहीतर दावा सोड. दगड कुटून, चाळून मी एकूण एक स्वच्छ, पारदर्शक स्फटिक तपासले. सगळे ग्रॅनाइटच्याच वयाचे निघाले.

दावा सुटला तर पीएचडी सुटली. राजीवकाकांनी प्लेनोला बघितलेल्या नोकरीचं महिनाअखेर कळवते. पण माझं म्हणणं खरं आहे, मावशी.

तुझी,
उल्का


कॅरी, ९ मार्च

चि. उल्कास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काका म्हणाले, पोरगी हट्टी आहे. मी म्हटलं, माझ्यावर गेलीय. औषध कंपनीच्या लॅबमध्ये माझा जन्म गेला. दगडातलं मला कळत नाही, पण नमुना कसा घ्यावा हे कळतं.

लोणी कढवलं की तूप वर येतं, बेरी खाली बसते. कितीही गाळलं तरी बरणीच्या तळाशी चार कण उतरतातच. तू वरचं नितळ तूप चमच्याने घेतेस आणि बेरी कुठाय म्हणून रडतेस. देखणे स्फटिक निवडायला तुला काय स्थळं बघायचीयत? गढूळ, बोथट म्हणून बाजूला सारलेस ते बघ. तुझ्या आईसारखी आवराआवरीची खोड तुला नाही, म्हणजे अजून तिथेच पडले असतील.

प्लेनोला मी काकांना काही कळवू दिलेलं नाही. वेळेवर जेवत जा.

तुझी मावशी


डेन्व्हर, २८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पडलेच होते. गढूळ दाणे घासून आत पाहिलं, तर मध्ये झिजलेला गोल गाभा आणि त्यावर नवा थर. थराचं वय ग्रॅनाइटचं, गाभा त्याहून तीस कोटी वर्षांनी जुना. मी तिथेच रडले. पडद्यावरचे आकडे सरांनी स्वतः पडताळले, मग हे पहिल्या प्रकरणात घाल म्हणाले. हे कुणी सुचवलं असंही त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, तुपाचं सांगितलं नाही.

काकांना म्हणावं, प्लेनोला नाही कळवा. रागावले तर दिवाळीत येऊन समजूत काढीन.

तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस. आणि पुढचं तूप गाळू नकोस.

तुझी,
उल्का