मान वर करून विणताना

अप्पा, तुमच्या मानेबद्दल लिहायला बसलोय. तुम्ही असताना हा विषय काढला असता, तर हातातला धोटा न थांबवता तुम्ही म्हणाला असतात, "मानंला काय झालंय? हाय तितंच हाय की." होती तिथंच, पण कशी होती ते मला अजून दिसतं. मागाच्या खड्ड्यात पाय, मांडीच्या उंचीला कापड, आणि त्यावर तुम्ही असे वाकलेले की मागून बघणाऱ्याला डोकं दिसायचंच नाही. खांद्यांच्या मधोमध, मानेच्या बुडाशी आलेला उंचवटा तेवढा दिसायचा, कणकेचा गोळा कातड्याखाली ठेवल्यासारखा. आई, आपली अव्वा, त्यावर एरंडेल चोळायची. तुम्ही तिला सांगायचात, आपल्या घराची पाठच अशी, माझ्या बापाची होती, त्याच्या बापाची होती. मी मागावर बसायला लागलो, माझी मानही पुढं यायला लागली, तेव्हा तुम्ही तिच्यावरून हात फिरवून खूश झालात. "बसली पाठ. आता काम बसंल." आपल्या लोकांत तेव्हा तसंच होतं. कारखानदार नवा विणकर ठेवताना आधी त्याच्या मानेमागं हात घालून बघायचा. गोळा लागला की माणूस कामाचा. दुखणं होतं ते, आणि आपण त्याला अंगात मुरलेलं कसब समजत होतो.

पण हीच पाठ संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आडवी आली. नंदीध्वजाची काठी दोन मजली घराहून उंच. तिचं बूड कमरेच्या पट्ट्यात घेऊन ती उभी पेलायची आणि चालायचं. पेलणाऱ्याची नजर सारखी टोकावर हवी, कारण काठी कलायला लागते ती टोकाकडून. त्या वर्षी पहिल्यांदाच तुमची पाळी आली होती. अव्वानं पांढरी बाराबंदी स्वतः शिवलेली. सरावाच्या मैदानात तुम्ही पट्टा बांधून उभे राहता, चौघं काठी उभी करून देतात, आणि पाळ्या ठरवणारा म्हातारा पुढारी विचारतो, "टोक दिसतंय का रं?" तुम्ही डोळे वर करता, भुवया वर जातात, कपाळावर आठ्या चढतात. मान तेवढी वर जात नाही. "दिसतंय की," तुम्ही म्हणता. म्हाताऱ्यानं काठी काढून घ्यायला लावली. "तुला तुज्या पायाचा अंगठा दिसतोय. जा घरला." घरी येऊन तुम्ही सरळ मागावर बसलात. बाराबंदी पेटीत गेली, आणि पुढं मानमोडीच्या तापाची साथ आली, तिच्यात तुम्हीही गेलात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. आपल्या घरातल्या माणसानं ती काठी पेलायची. आणि इकडं माझी स्वतःची मान दर वर्षी थोडी थोडी तुमच्यासारखी होत चाललेली. म्हाताऱ्याला विचारायला गेलो तर तो चारचौघांत म्हणाला, "बापानं कापड इणलं, तू बापाची पाठ इणलीस. आदी ती उसव, मग ये." लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? मग सुरू झाले उपाय. तालमीत जाऊन दंड काढले, त्यानं छाती आवळली आणि खांदे आणखी पुढं आले. पाठीवर दगड ठेवून पालथा झोपलो. शिपायासारखे खांदे मागं खेचून चालायला लागलो, तर तुमची सून म्हणाली, "बाहेर काय दिसतं ते मला म्हाईत न्हाय, पण घरात शिरताना कोंबडा आल्यागत वाटतंय." दिवसभर कोंबडा व्हायचं आणि मागावर बसलं की पुन्हा कासव.

एक गोष्ट मात्र मी हेरली होती. माझ्या मानेमागचा गोळा सकाळी बसलेला असायचा आणि संध्याकाळी वर यायचा. घराण्याची देणगी असती तर सकाळ-संध्याकाळ बदलली असती का? बायकोच्या डोक्यावर भरलेली घागर असते तेव्हा तिची मान सरळ असते आणि ती वाटेत गप्पा मारते. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलं जाणार नाही. आपलं डोकं ही आपली घागर, अप्पा. ते खांद्यांवर ठेवायचं सोडून आपण जन्मभर पुढं लोंबतं धरलं. ते तोलायला मानेमागचं मांस बिचारं घट्ट होत होत गोळा झालं. एवढं कळलं, पण कापड खाली आणि नजर कापडावर, तर डोकं वर ठेवायचं कसं?

त्याचं उत्तर माझ्या कानांनी दिलं. आमच्या भिंतीपलीकडं तेलुगू विणकर मामा राहायचे. एका दुपारी त्यांच्या मागावर धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका मला जरा पोकळ वाटला. मी इकडून ओरडलो, "मामा, तार तुटली बघा!" थोड्या वेळानं पलीकडून आवाज, "व्हय रे, तुटली. तुला भिंतीतनं दिसतंय काय?" मी धोटा हातात घेऊन तसाच बसलो. भिंतीपलीकडची तुटलेली तार मला ऐकू येते, तर मांडीवरच्या कापडात नाक कशाला खुपसायचं? लहानपणी मी मान वर केली की तुम्ही ओरडायचात, "वर काय बगतोस? कापड हितं हाय!" अप्पा, कापड तिथंच होतं, पण त्याची खबर कानाला आधी लागत होती.

दुसऱ्याच दिवशी मी माझी बैठक चार बोटं खाली खणली, खड्डाही तेवढाच खोल केला, म्हणजे कापड पोटापाशी वर आलं. ठोका ऐकत, समोर भिंतीकडं बघत विणायला लागलो. पहिल्या कापडात दोष निघाले, बायकोनं ते अंथरायला घेतलं. मग हात जमला. दिवसातून चारदा उठून भिंतीला टाच, पाठ, डोकं टेकायचं. आधी डोकं आणि भिंत यांत मूठ जायची, मग दोन बोटं. चादरीची गुंडाळी खांद्यांच्या खाली घेऊन उताणं पडायचं, हात डोक्यामागं सोडायचे. दुखायचं, पण चांगलं दुखायचं. दोन पावसाळे गेले.

मग सराव. म्हातारा आता काठी टेकत चालायचा, पण जीभ तीच. "आलास? बापागत न्हाय ना करणार?" पट्टा बांधला, काठी उभी राहिली, तिचं वजन कमरेत उतरलं. "टोक दिसतंय का रं?" मी मान वर केली आणि ती गेली, अप्पा, सरळ गेली. "टोक दिसतंय," मी म्हणालो, "आन त्याच्यावर घार फिरतीय, ती पन दिसतीय." म्हाताऱ्यानं वर बघितलं. घार खरंच होती. "चल," एवढंच म्हणाला. यात्रेच्या दिवशी तुमचीच बाराबंदी घातली, खांद्यांत उसवून थोडी रुंद करावी लागली. 'हर्र बोला हर्र'च्या गजरात मी देवळाच्या तलावाकडं चाललो होतो. आजूबाजूची गर्दी मला दिसलीच नाही, नुसतं आभाळ आणि त्यात ते टोक. म्हातारा गर्दीत कुणाला तरी सांगत होता, "त्याच्या बापाची पाळी हाय ती, आज फेडली." तेवढ्या गोंगाटातही मला ते ऐकू आलं.

आता माझे स्वतःचे माग आहेत, आणि सगळ्यांच्या बैठका खाली खणलेल्या. शेजारचे कारखानदार म्हणतात, तुमची माणसं मागावर बसतात की जेवायला? माझ्याकडं माणूस ठेवताना कुणी त्याच्या मानेला हात लावत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या गावाला टपाल जात नाही, म्हणून घडी करून ठेवतो. पण एक सांगायचं राहिलं. सदऱ्याच्या गळपट्टीखाली थोडासा गोळा अजून आहे, सुपारीएवढा. बायको म्हणते, भिंतीशी आणखी उभं राहिलात तर तोही जाईल. मी हो म्हणतो. तुमचा चेहरा मला नीट आठवत नाही, अप्पा, तुमची मानच आठवते. म्हणून मी भिंतीशी जात नाही.